कारागिराला अनाम कोणी केले?

‘आपल्या परंपरेत कारागीर अनाम असतो. नावाचा सोस त्याला नसतो. तो देवासाठी घडवतो, समाजासाठी घडवतो आणि घडवून झाले की बाजूला होतो. वस्तूखाली सही करणे हे पश्चिमेचे वेड आहे, ते आपल्या मातीत आणू नका.’ हस्तकलेच्या प्रदर्शनाचे उद्घाटन असो, लोककलेवरचे गुळगुळीत कागदाचे पुस्तक असो की हातमागाच्या दुकानातली पाटी असो, हे म्हणणे कुठल्या ना कुठल्या रूपात कानावर येतेच. ऐकणारे माना डोलावतात. त्यात विनय आहे, अध्यात्म आहे, स्वदेशाभिमानही आहे, म्हणून ते खोडायला सहसा कोणी पुढे येत नाही.

मला ते खोडायचे आहे. ते इतिहासाला धरून नाही आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही. हाताने केलेल्या वस्तूत माणसाची गोष्ट असते, पिढ्यांचा वारसा असतो, असे एका तोंडाने म्हणायचे आणि दुसऱ्या तोंडाने त्या माणसाचे नाव अनावश्यक ठरवायचे, हे जमणारे नाही. ज्याचे नाव माहीत नाही त्याची गोष्ट कोण सांगणार? ज्याचा ठावठिकाणा नाही त्याच्या वारसाच्या हाती काय देणार? वस्तू आपण होऊन काही बोलत नसते. ती कोणी केली, कोणाकडे शिकून केली, कुठे बसून केली हे जोवर कोणाला ठाऊक असते, तोवरच तिच्यात गोष्ट असते. ते विसरले की उरते ती नक्षी, आणि नक्षी कोणीही उचलून नेऊ शकतो.

प्रतिपक्षाला न्याय देऊन सुरुवात करायला हवी, कारण हे मत कुणा ऐऱ्यागैऱ्याचे नाही. आनंद कुमारस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते फार ताकदीने मांडले. 1909 साली भारतीय कारागिरावर त्यांचे पुस्तक आले, त्या काळी ब्रिटिश राजवटीत इथल्या कारागिराला हीन लेखले जात होते आणि गिरणीचा माल त्याच्या पोटावर पाय देत होता. पारंपरिक कलावंताचे निनावी असणे हे त्याचे मागासलेपण नसून आध्यात्मिक मोठेपण आहे, अशी कुमारस्वामींची भूमिका होती. जपानात यानागी सोएत्सू यांनी 1920च्या दशकात लोककारागिरीची चळवळ उभारली आणि अज्ञात कारागिराच्या हातून सहज उतरणारे सौंदर्य हेच खरे, असा आग्रह धरला. दोघांनी जे हिणवले जात होते त्याला मान दिला आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण त्यांनी ज्याला कारागिराचा गुण म्हटले, तो पुढे विकत घेणाऱ्याची सोय होऊन बसला. नाव नको म्हटले की विचारपूस नको, मोबदल्याचा हिशेब नको आणि परवानगीही नको.

आता इतिहास पाहू, आणि तोही आपल्या सह्याद्रीतला. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे जे लेख आहेत, त्यांत एक सुताराचा आहे. धेनुकाकट गावचा, वेणुवासाचा मुलगा सामी याने हे दार केले, असे त्यात नोंदवले आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यातला ठेंगणा, हसतमुख यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे: कण्हदास, व्यवसायाने सोनार. सोन्याचांदीत काम करणाऱ्या माणसाने दगडाला हात घातला आणि आपले नाव व धंदा दोन्ही लिहून ठेवले. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात दर्शनी भागातल्या एका भग्न शिल्पापाशी असाच लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. हे सगळे दोन हजार वर्षांच्या आसपासचे आहे. आधुनिक पश्चिमेचे सहीचे खूळ इथे पोहोचायला तेव्हा कित्येक शतके बाकी होती. बौद्ध भिक्षूंच्या आवारात, जिथे ‘मी’पणा सोडण्याचीच शिकवण होती, तिथे सुताराने, सोनाराने आणि एका शिष्याने आपले नाव कोरले आणि ते कोरू दिले गेले.

मग नावे गेली कुठे? पुष्कळदा ती मोठ्या नावांखाली दबली. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी जो लेख आहे, तो मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत मोजला जातो. मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना तो माहीत असतो. मूर्ती करवून घेणारा चावुंडराय आणि भोवतीचे बांधकाम करवून घेणारा गंगराज यांची नावे त्यात आहेत. तो अजस्र दगड ज्याने घडवला त्याचे नाव तिथे नाही. म्हणजे त्या डोंगरावर नावाची ओढ नव्हती असे म्हणता येत नाही. ओढ होती आणि ती भागवलीही गेली. कुणाची भागवायची, हे मात्र सत्तेने ठरवले.

अध्यात्माचा मुद्दा तर आपल्याकडे टिकतच नाही. अहंकार गळून पडावा म्हणून ज्यांनी जन्म वेचला, त्या वारकरी संतांच्या अभंगांत शेवटी रचणाऱ्याचे नाव येते. नामदेवांचे येते, तुकोबांचे येते, चोखोबांचे येते. जनाबाई आपले नाव घालताना नामदेवांशी असलेले नाते सांगून घालतात. आणि संतांची नावे आपण कशी घेतो? गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी. नावाला हातातले काम जोडलेले आहे. त्या नाममुद्रेमुळे त्यांची भक्ती उणी झाली असे आजवर कोणी म्हटलेले नाही. उलट, ज्यांचे शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवणे सोपे होते, अशा शूद्र-अतिशूद्र आणि स्त्री संतांची वाणी त्या नावांमुळे आपल्यापर्यंत त्यांची म्हणून आली. जनाबाईंच्या अभंगांतून त्यांचे नाव काढून टाका, मग ते किती दिवस त्यांचे राहिले असते याचा विचार करा.

राहता राहिले आपले रोजचे जगणे. नावाचा सोस आपल्याला नाही, हे विधान कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात क्षणभरही टिकत नाही. फळीवरचे जुने पितळेचे पातेले किंवा तांब्याचा हंडा खाली काढा. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले असते: अमुक हिच्या लग्नात तमुक मामांकडून सप्रेम भेट, पुढे तारीख. भांड्याच्या दुकानात नाव घालून देणारा माणूस वेगळा बसतो आणि अहेराचे भांडे नाव घातल्याशिवाय दुकानाबाहेर पडत नाही. देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव असते, पाणपोईवर असते, शाळेच्या पंख्याच्या पात्यावरही असते. पूल झाला की कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव लागते. मात्र त्याच हंड्यावर आणखी एक खूण असते, ती आपण नाव म्हणून वाचत नाही. पुण्याच्या तांबट आळीत हंडा मठारला जातो तेव्हा हातोडीचा प्रत्येक ठोका पत्र्यावर बारीकसा खळगा उठवतो. ठोक्याशेजारी ठोका, ओळीखाली ओळ, असे खळगे भांडेभर उमटतात, आणि त्या मारानेच पत्रा कडक होतो व भांडे वर्षानुवर्षे टिकते. देणाऱ्याचे नाव दुकानात चुटकीसरशी घालून होते. घडवणाऱ्याचे अख्खे भांडेभर काम आहे आणि नाव कुठेच नाही. याला परंपरेचा विनय म्हणायचे असेल तर तो विनय एकाच बाजूला का दिसतो?

इथे प्रतिपक्षाचा एक चांगला मुद्दा उरतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वारली पाड्यावर लग्नघरात भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सवाशिणी खाली आपले नाव टाकत नाहीत. गोधडी शिवणारी आजी कोपऱ्यात सही करत नाही. त्यांना कोणी मनाई केलेली नाही, मग हे निनावीपण खरे नव्हे काय?

माझे उत्तर असे की गावात कोणी अनाम नसतेच. चौक कोणी लिहिला हे अख्ख्या पाड्याला ठाऊक असते. कोणाच्या हातची चौकातली पालघट देवी रेखीव उतरते आणि कोणत्या लग्नाला कोणाला बोलवायचे, हे तिथे न लिहिता लक्षात असते. गोधडीचेही तसेच आहे. जुनी गोधडी उन्हात पसरून जवळून पाहा. वरच्या थराला आईच्या लुगड्याचे काठ लागलेले असतात, मध्ये कुणाच्या धोतराचा पांढरा तुकडा असतो, एखाद्या ठिगळावर उसवलेल्या खिशाचा गडद चौकोन तसाच राहिलेला असतो. धावदोरा कुठे दाट पडलेला असतो, कुठे विरळ. एका ठिकाणी दोऱ्याचा रंग बदलतो, कारण आधीचा दोरा संपला. शेजारच्या वाड्यातली बाई टाका पाहून सांगते की ही अमक्या काकूंनी घातलेली. घरातल्यांना तर कोणते ठिगळ कोणाचे हेही पाठ असते. एवढे ज्ञान भोवती असताना सहीची गरज कोणाला पडेल?

गरज पडते ती वस्तू ओळखीच्या रिंगणाबाहेर जाते तेव्हा. तीच गोधडी शहरातल्या दुकानात ‘हातशिलाईची पारंपरिक रजई’ म्हणून टांगली की आईचे लुगडे नुसते कापड होते आणि काकूंचा टाका नुसता नमुना होतो. म्हणजे निनावीपण वस्तूच्या जन्माबरोबर येत नाही. ते वाटेत, हस्तांतरात, खरेदी-विक्रीत तयार होते. कार्ल्याचा सामी हा धेनुकाकटचा होता, त्याने आपल्या गावाचे नाव मुद्दाम सांगितले. अनोळखी वाटसरूंच्या नजरेला पडणाऱ्या दारावर त्याने नाव, बापाचे नाव आणि गाव हे तिन्ही नोंदवले. ओळखीच्या रिंगणाबाहेर नाव लिहावे लागते, हे त्या सुताराला कळत होते. आपण मात्र त्याला भोळा ठरवून मोकळे झालो.

वारली चित्रांनी हा सगळा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत केला. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर पोहोचले आणि त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेल्यावर जिव्या बोलायचेच थांबले होते आणि मातीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे लग्नापुरते उमटत होते, ते त्यांच्या हातून कागदावर आणि कापडावर आले. बांबूच्या काडीचे टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने त्यांनी मासेमारीचे जाळे काढले. कागदभर पसरलेले, केसाएवढ्या रेघांनी विणलेले ते जाळे पाहिले की पाण्याचा हेलकावा जाणवतो. हे चित्र समाजाच्या परंपरेतले आहे आणि तरीही ते दुसऱ्या कोणाचे असू शकत नाही. 2011 साली जिव्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. त्यांची मुलेही चित्रे काढतात. नाव राहिले म्हणून आज कोणीही त्यांचे सुरुवातीचे आणि नंतरचे काम शेजारी ठेवून पाहू शकतो, त्यांच्यानंतरच्यांनी काय घेतले आणि काय नवे आणले ते तपासू शकतो. वारसा म्हणतात तो यालाच. नाव नसते तर हातात ‘वारली डिझाइन’ एवढेच उरले असते.

आणि ते उरलेले आपल्याला रोज दिसते. कपांवर, टी-शर्टांवर, हॉटेलांच्या भिंतींवर, लग्नपत्रिकांवर त्याच त्रिकोणी माणसांची साखळी तारप्याभोवती फिरते. तारपा कोण वाजवतो, कोणत्या सुगीला वाजवतो, हे छापणाऱ्याला ठाऊक नसते आणि विकत घेणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. नाव आले की बाजार येतो आणि बाजार आला की कला मरते, असे जे म्हणतात त्यांनी हे पाहावे. बाजार नावाची वाट पाहत थांबला नाही. नावाशिवाय त्याला जास्त मोकळे रान मिळाले.

आता सर्वांत कठीण हरकतीकडे येतो. कला समाजाची असताना एकाचे नाव मोठे केले तर बाकीच्यांवर अन्याय होतो, असे काही जाणती माणसे म्हणतात. हे खरे आहे. वारली चौक पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी लिहिला, लग्न लावणाऱ्या धवलेरींनी गाऊन त्याला प्राण दिला, आणि जगात पहिले नाव झाले ते एका पुरुषाचे. पण यावरून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. एकाचे नाव लागले हा अन्याय नाही, अनेकींची लागली नाहीत हा अन्याय आहे. तो दूर करायचा तर नावे वाढवावी लागतात. असलेले नाव पुसून त्या स्त्रियांच्या पदरात काहीच पडत नाही.

कोल्हापुरी चपलेकडे पाहा. ही एका माणसाने केलेली वस्तू नाही. कातडे कमावणारा वेगळा असतो. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडे मुरवण्याचे काम कित्येक दिवस चालते. त्यातला वास आणि कष्ट दुसऱ्या कोणी पत्करले नाहीत म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच जातीच्या माथी राहिले. तळ कापणारा आणि शिवणारा वेगळा. अस्सल चपलेत खिळा नसतो, शिलाईच असते. वेणी विणण्याचे आणि नक्षीचे काम बहुतांशी घरातल्या बायकांच्या हातचे. अशा चपलेला एक नाव लावणे अपुरे आहे, मान्य. तीन लावा. चित्रपट संपला की पडद्यावर प्रकाशयोजना करणाऱ्याच्या मदतनिसापर्यंत नावे सरकत जातात आणि त्यात कोणाला अडचण वाटत नाही. चपलेच्या डब्यावर तीन ओळींना जागा नाही, असे म्हणता येणार नाही. शिवाय व्यक्ती आणि परंपरा यांची सांगड कशी घालायची हे कोंडाण्याच्या बलकाने केव्हाच दाखवून ठेवले आहे. त्याने आपले नाव घातले आणि आधी गुरूचे घातले. आपले नाव, आपल्याला शिकवणाऱ्याचे नाव. एवढ्यात व्यक्तीही आली आणि परंपराही.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला मॉडेलांच्या पायांत घातल्या आणि उगमाचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्त होता. कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण पुढे मान्य करावे लागले. पण त्या संतापात आपण कोणती नावे घेत होतो? कोल्हापूर, महाराष्ट्र, भारत. गावाचे, राज्याचे, देशाचे नाव चोरीला गेले म्हणून आपण चिडलो. ज्यांच्या घरात ती चप्पल शिवली जाते, त्यांच्याकडून आपण वर्षानुवर्षे ती घासाघीस करून घेतली आणि ‘ही कोणी केली’ असे दुकानदाराला क्वचितच विचारले. परदेशी कंपनीने जे एकदा केले, ते आपण रोज करत आलो आहोत. हे कबूल केल्याशिवाय आपल्या रागाला वजन येत नाही.

भौगोलिक मानांकन आहे ना, मग आणखी काय हवे, असे यावर कोणी म्हणेल. कोल्हापुरी चपलेला ते 2019 साली मिळाले, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. पैठणीला त्याआधीच मिळाले होते, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली मिळाले. मानांकन हवेच, त्याशिवाय नकलेविरुद्ध दादही मागता येत नाही. पण 1999चा हा कायदा वस्तूचे नाते प्रदेशाशी जोडतो, माणसाशी नाही. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराने स्वतःची नोंदणी करण्याची सोय आहे. ती त्याने स्वतःहून, कागदपत्रे जमवून करायची असते, आणि मानांकन मिळाल्याच्या सत्कारानंतर या नोंदणीकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. नकाशावर गाव आले आणि गावातला माणूस वगळला गेला, तर वारसा अर्धाच जपला गेला.

नाव ही निव्वळ भावनेची बाब आहे असेही समजू नये. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याची जवारी लावताना पाहावे. घोडीचा वरचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो, म्हणजे छेडलेली तार त्यावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत जाते आणि सुराभोवती झंकार उमटतो. कारागीर कानशीने एक हात फिरवतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, उतरवतो, पुन्हा कानस. किती घासायचे हे सांगणारे माप नाही, कान सांगतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की आवाज खुलतो आणि केसभर पुढेमागे झाला की मिटतो. वाजवून वाजवून तार घोडीवर चरे पाडते, मग जवारी पुन्हा काढावी लागते. कोणाला कसा झंकार हवा, मोकळा की बंद, हे त्या गायकाला आणि त्या कारागिराला ठाऊक असते. मिरजेत हे ज्ञान शिकलगारांच्या घराण्यात मुरले. पूर्वी हत्यारांना धार लावणारी ही माणसे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस गेल्यावर ती तंतुवाद्यांकडे वळली आणि फरीदसाहेबांपासूनची परंपरा आजही नावानिशी सांगितली जाते. वाद्य बिघडले की वादक ‘मिरजेला’ जातो, म्हणजे अमक्याकडे जातो. नाव म्हणजे तिथे दुरुस्तीचा पत्ता आहे, दर्जाची हमी आहे आणि शिकू पाहणाऱ्या पोरासाठी उंबरठा आहे. ज्या कारागिरीत करणाऱ्याचे नाव टिकले, तिथे करणाऱ्याला जाब विचारता येतो आणि त्याच्याकडे शिकायलाही जाता येते. नक्षी पाहून नक्षीची नक्कल करता येते. जवारी मात्र तंबोऱ्याकडे कितीही पाहिले तरी येत नाही, ती माणसाकडूनच शिकावी लागते.

यानागींच्या जपानात पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. त्यांच्याच चळवळीतला थोर कुंभार हामादा शोजी आपल्या भांड्यांवर सही करत नसे. पण भांडे ज्या लाकडी पेटीतून जाई, तिच्यावर त्याच्या हातचे अक्षर असे. आणि 1955 साली जपान सरकारने परंपरागत कौशल्यांचे धारक म्हणून माणसांची नावानिशी निवड सुरू केली, तेव्हा पहिल्या तुकडीतच हामादा होता. लोक अशा धारकांना राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणतात. ठेवा म्हणून मान दिला तो माणसाला, मडक्याला नव्हे. अज्ञात कारागिराचे तत्त्वज्ञान जिथे जन्मले, त्या देशानेही कौशल्य जपायची वेळ आल्यावर नावांची यादी केली.

शेवटची हरकत पोटाची आहे. नुसत्या नावाने चूल पेटत नाही. कारागिराच्या मुलाला पुण्या-मुंबईत नोकरी हवी आहे, त्याला वारशाचे ओझे का द्यावे? हे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. वारसा म्हणजे जन्मठेप नव्हे. कातडे कमावण्याच्या कुंडातून ज्याला बाहेर पडायचे आहे त्याने खुशाल पडावे, आणि त्याच्या बापाच्या कामाचे गोडवे गाऊन त्याला कोणी तिथे अडकवू नये. पण जो राहतो, त्याला दाम वाढवून मागायला काहीतरी आधार लागतो. निनावी माणूस बदलता येतो, ‘तू नाही तर दुसरा’ असे त्याला सांगता येते. ज्याचे काम ओळखले जाते त्याला असे सांगता येत नाही. नाव हा दाम नव्हे, पण दामाची घासाघीस बरोबरीने करायची तर नाव लागते. आणि जो हे काम सोडून जातो, त्याच्या मुलाबाळांनाही आपली आजी काय करत होती हे ऐकीव गौरवगीतापेक्षा तिच्या नावाच्या एका चिठ्ठीतून जास्त खरे कळेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तिला फार खर्च येत नाही. सरकारी हस्तकला दालनात, बचतगटांच्या प्रदर्शनात, हातमागाच्या दुकानात प्रत्येक वस्तूबरोबर किमतीच्या चिठ्ठीइतकीच एक चिठ्ठी असावी: कोणी केले, कोणाकडून शिकले, कोणत्या गावी केले. एकाहून अधिक हात असतील तर सगळे लिहावेत, बायकांचे वगळू नयेत. ज्याला नाव द्यायचे नाही त्याची इच्छा राखावी, पण ती त्याला विचारून कळलेली असावी, आपण गृहीत धरलेली नसावी. संग्रहालयांनी जुन्या वस्तूंची नावे आता कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, कुलपे जीव लावून जमवली नसती तर ती मोडीत गेली असती. घडवणारे तेव्हाच विस्मरणात गेले होते, त्यात केळकरांचा काय दोष? पण आज ज्या वस्तू संग्रहात येत आहेत त्यांचे घडवणारे हयात आहेत. उद्याच्या नोंदीत ‘कारागीर अज्ञात’ असे लिहायची वेळ आली तर तो आपला आजचा आळस असेल.

आणि घरची जबाबदारी घरच्यांची. गोधडी, रुखवतातले विणकाम, आजोबांनी केलेला पाट, मावशीच्या हातचे भरतकाम, या सगळ्यांचा करणारा तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या नातवंडांना तो माहीत असणार नाही. गोधडीच्या कोपऱ्यात दोऱ्याने नाव शिवायला किती वेळ लागतो? अहेराच्या हंड्यावर देणाऱ्याचे नाव घालता तेव्हा तांबटाचेही घाला. दुकानदार नवलाने पाहील, त्याला सांगा. परंपरेच्या विरुद्ध जाण्याचा हा प्रश्नच नाही, कार्ल्याच्या दारावर परंपरेने हेच केले होते. निनावी कारागिराचे कौतुक खूप झाले. आता त्याला त्याचे नाव विचारा आणि लिहून ठेवा.